आवाजी मतदान

आनेकल,
९ फेब्रुवारी

चि. गुरू,

आशीर्वाद. परवा तुझं सभागृहातलं भाषण टीव्हीवर पाहिलं. कान गेल्यापासून मला खाली धावणाऱ्या अक्षरांचाच आधार, आणि ती नेहमी एक वाक्य मागे असतात. पण तुझं मला अक्षरांवाचूनही कळतं. माझ्या त्या आजारपणानंतर समोर बसून, ओठ नीट हलवून, न कंटाळता बोलणारा घरात तूच एकटा होतास. त्याची सवय अजून आहे.

"मुलगी म्हणजे घराण्याची जमीन नव्हे, की तिच्या नावाचा फेरफार करायला घरच्यांची संमती लागावी." हे वाक्य मी पाटीवर लिहून ठेवलं. लग्नाची नोंदणी करण्याआधी दोघांच्या आईवडिलांना सरकारी नोटीस जाणार आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत महिनाभर नोंद होणार नाही, असलं विधेयक तुझ्याच पक्षानं आणलंय. आणि तू त्यांच्याच बाकांवरून उठून त्याला विरोध केलास. मला बरं वाटलं.

हे नुसतं कौतुकासाठी लिहीत नाही. शेजारच्या नागनाथांची रम्या तुला आठवत असेल. बाजारात ज्यांचं कापडाचं दुकान आहे त्यांची एकुलती मुलगी. माझ्या हाताखाली शिकली, आता औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. रोज संध्याकाळी माझ्याकडे स्वल्प बसल्याशिवाय घरी जात नाही. तिचं हर्ष नावाच्या मुलाशी लग्न करायचं ठरलंय. तो इथल्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. मुलगा चांगला आहे, पण केरीतला, दलित वस्तीतला. नागनाथांच्या घरात याचं काय होईल हे तुला सांगायला नको.

दोघं परगावी जाऊन देवळात माळा घालणार होती. मीच अडवलं. म्हटलं, चोरासारखं का जाता? सज्ञान आहात. एप्रिलात हर्षची नोकरी कायम होते आहे, ती होऊ दे, मग नोंदणी कचेरीत उजळ माथ्यानं सह्या करा. रम्यानं लगेच विचारलं, "टीचर, ते विधेयक आलं तर नोटीस आमच्या घरी जाईल ना?" मी म्हटलं, माझा भाऊ तिथं बसलाय.

बरोबर सांगितलं ना मी? खरं काय ते कळव. तुझ्या फोनवरचे निरोप आधी तुझी माणसं वाचतात, म्हणून पत्र लिहिते. उत्तरही पत्रानंच दे.

तुझी,
शारदाक्का

बसवनगुडी, बंगळूर,
१५ फेब्रुवारी

अक्का, नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सकाळपासून घरापुढं माणसांची रांग असते. कुणाला पाण्याची जोडणी हवी, कुणाला मुलाची बदली. तुझं एकटीचंच पत्र असं येतं की ज्यात माझं बोलणं कुणीतरी ऐकलेलं असतं. कान नसताना तू ऐकतेस आणि सभागृहात कान असलेले जांभया देतात.

रम्याला तू सांगितलंस ते बरोबरच. या विधेयकाबद्दल पक्षात बऱ्याच जणांच्या मनात किंतू आहे. माझ्या भाषणानंतर पाचसहा जण जवळ येऊन हात दाबून गेले. स्त्रियांच्या प्रश्नांवर मी गेली वीस वर्षं बोलतो आहे, रात्रपाळीच्या बायकांसाठी उपोषणाला बसलो आहे. आता या वयात उलट दिशेला कसा चालेन? मी तिथं आहे तोवर हे सहजासहजी होणार नाही.

पोरांना धीर दे. पळून जाणं नको. त्यातनं पोलीस, अपहरणाच्या तक्रारी, नाही नाही ते सुरू होतं.

गुडघ्याचं औषध बंद करू नकोस.

तुझा,
गुरुराज

आनेकल,
१२ मार्च

चि. गुरू,

विधेयक मंजूर झालं असं पेपरात वाचलं. आवाजी मतदानानं, एवढंच लिहिलंय. कोण कोण विरोधात होतं ते लिहिलेलं नाही. तुझं एक निवेदन मात्र छापलंय, की "हा दिवस माझ्यासाठी क्लेशाचा आहे." तेव्हा तू विरोध केलास आणि तुम्ही कमी पडलात, असं मी समजते.

रम्या काल आली होती. चहा गार झाला तरी प्यायली नाही. म्हणाली, "टीचर, आता काय?" कायदा लागू व्हायला अजून अवकाश असतो ना? तोवर त्यांनी लगेच नोंदणी करून टाकावी का? हर्षच्या नोकरीचं पत्र आलेलं नाही, पण त्यासाठी थांबण्यात आता मला अर्थ दिसत नाही. तू म्हणशील तसं करू.

शारदाक्का

बसवनगुडी,
१७ मार्च

अक्का, नमस्कार.

तू समजतेस ते खरं आहे. मी विरोधच केला. पण आवाजी मतदानात शंभर तोंडांत एका तोंडाला काय किंमत? सभापती म्हणाले बहुमत आहे, की झालं. दोन रात्री मला नीट झोप नाही.

तरी घाबरण्याचं कारण नाही. राज्यपालांची सही व्हायची आहे, मग राजपत्र, मग नियम. मे महिना उजाडेल. आत्ता घाईघाईनं अर्ज केला तर कचेरीतले लोक संशय घेतील आणि नागनाथांच्या कानावर जाईल. हर्षचं नोकरीचं पत्र येऊ दे. एप्रिलअखेर मी स्वतः आनेकलला येतो आणि साक्षीदार म्हणून सही करतो. आमदार साक्षीला उभा राहिल्यावर कुणाची काय बिशाद.

मुलीला माझा आशीर्वाद सांग.

गुरुराज

आनेकल,
२१ मार्च

गुरू,

तुझं पत्र आल्यावर हर्षनं त्याच्या कॉम्प्युटरवर मला त्या दिवसाचं सभागृह दाखवलं. तूच मतदानाबद्दल लिहिलं होतंस, म्हणून बघावंसं वाटलं. कॅमेरा मंत्र्यांवर होता. तू त्यांच्या मागच्या रांगेत, त्यांच्या उजव्या खांद्यावरून स्पष्ट दिसतोस.

सभापतींनी विधेयकाच्या बाजूनं असणाऱ्यांना "हौदु" म्हणायला सांगितलं आणि तुझे ओठ गोल झाले. विरोधातलं "इल्ल" म्हणताना ओठ फाकतात, जीभ वर जाते. हे मला कुणी शिकवायला नको. विरोधकांची पाळी आली तेव्हा तू खाली बघत होतास आणि तोंड मिटलेलं होतं. मी तेवढाच तुकडा परत परत लावायला सांगितला. हर्ष माझ्याकडे बघत होता. त्याला मी एवढंच म्हटलं, बंद कर आता.

आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या त्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकट्या सभासदानंसुद्धा उठून मागणी केली असती तर नावानिशी मतं मोजायला लावता आली असती. तू उठला नाहीस.

मला एवढंच सांग की मी त्या मुलीला काय सांगू. तुझ्या शब्दावर मी तिला थांबवलंय.

शारदा

बसवनगुडी,
३० मार्च

अक्का,

या पत्राला इतके दिवस लागले, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

हो. मी "हौदु" म्हणालो. आदल्या दिवशी पक्षाचा आदेश हातात पडला होता. आदेश मोडला तर आमदारकी जाते, हे तुला माहीत असेलच. पक्षाध्यक्षांनी मला आत बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "गुरुराजराव, भाषण तुमचं, मत पक्षाचं. भाषणाबद्दल कुणी काही म्हटलं का तुम्हाला?" खरंच कुणी काही म्हटलं नव्हतं. तेव्हा मला समजलं की मला बोलू का देतात. मी बोललो की बाहेर वाटतं, पक्षात सगळ्या मतांना जागा आहे. वीस वर्षांत मी बोललो खूप, पण पक्षाविरुद्ध मत एकदाही दिलेलं नाही. कुणी ते मोजलं नाही, मीसुद्धा नाही.

तुझ्याशी खोटं बोललो त्याची लाज वाटते. पण माझीही बाजू ऐक. राजीनामा देऊन घरी बसलो असतो तर कायदा थांबला असता का? माझ्या जागी रघुजींसारखा जमिनीच्या धंद्यातला कुणीतरी आला असता. आता या कायद्याचे नियम ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलं आहे. नोटीस कशी पाठवायची, मुलीनं आक्षेप घेतला तर काय, हे सगळं मी आतून सौम्य करू शकतो. बाहेरून मी काय करणार होतो?

साक्षीला येण्याचं वचन मी विसरलेलो नाही. मुलीला यातलं काही सांगू नकोस, तिचा धीर सुटेल.

गुरुराज

आनेकल,
२४ एप्रिल

गुरू,

हे पत्र घेऊन आलेला मुलगा हर्ष आहे. त्याला बाहेर रांगेत बसवू नकोस.

त्याचं नोकरीचं पत्र आलं तशी मी त्यांना म्हटलं, आता कुणाची वाट बघू नका. दोघांनी अर्ज दिला. अर्ज घेतल्यावर कारकुनानं सांगितलं, कायदा याच महिन्यात लागू झाला. मे उजाडायची वाट कायद्यानं पाहिली नाही. अर्ज मागे घ्या असं त्या दोघांना सांगणारंही तिथं कुणी नव्हतं. नोटीस नागनाथांच्या दुकानात पोचली, गिऱ्हाइकांसमोर त्यांनी फोडली.

शनिवारी सकाळी आजी आजारी आहे असं सांगून रम्याला गाडीत घातलं. तिचा हर्षला एकच निरोप आला, "देवनहळ्ळीला मोठ्या काकांकडे आहे, फोन काढून घेतायत." त्यानंतर फोन बंद. मोठे काका म्हणजे नागनाथांचे भाऊ रघुजी. विमानतळाकडे जमिनींचे लेआउट पाडतात, शेतात बंगला बांधलाय, तिथंच ठेवलं असणार. तुझ्या त्या पत्रातलं नाव हेच, हे मला ठाऊक आहे. तुझ्या निवडणुकीत आपल्या भाषेच्या लोकांची मतं गोळा करतो तो हाच.

हर्ष इथल्या पोलिसांकडे जाऊन आला. ते म्हणाले, मुलगी आपल्या काकाच्या घरी आहे, हरवलेली कुठं? तू वरच्या कुणा पोलीस अधिकाऱ्याला सांग. गाडी पाठवून तिला बाहेर काढायला सांग, आणि तिला काय हवंय ते तिच्याच तोंडून ऐका म्हणावं. बाकी काही मागत नाही.

शारदाक्का

बसवनगुडी,
२५ एप्रिल

अक्का,

हर्षला आत बसवूनच बोललो. शांत मुलगा आहे. माझ्यासमोर त्यानं एकदाही आवाज चढवला नाही, आणि त्याचंच मला जड गेलं.

योग्य ठिकाणी शब्द टाकला आहे. मुलीला काही होणार नाही, असं मला सांगण्यात आलं आहे. आता कुणी वेगळी धावपळ करू नये, वकील वगैरे गाठू नयेत, त्यानं प्रकरण चिघळेल. थोडे दिवस जाऊ देत, माणसं निवळतात.

निश्चिंत राहा.

गुरुराज

आनेकल,
६ मे

गुरू,

रम्या गेली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हर्षला म्हटलं होतं, पोलिसांना वरून सांगितलंय, आता स्वल्प दम धर. तो वकिलाकडे जायला निघाला होता. मी त्याला बसवला. सरी टीचर, म्हणाला आणि बसला.

गुरुवारी दुपारी नागनाथांच्या दारात गाड्या आल्या. मला काही ऐकू येत नाही, पण गल्लीतली सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून उभी होती. नागनाथ कुणाकडे न बघता आत गेले. त्यांचा भाऊ ओट्यावर उभा राहून लोकांना सांगत होता. त्याचे ओठ मला नीट दिसले. ताप डोक्यात गेला म्हणाला. दवाखान्यात न्यायच्या आत सगळं आटोपलं म्हणाला. तिला इकडे आणलीच नाही. तिकडेच शेताच्या कडेला अग्नी दिला.

हर्षला मीच सांगितलं. तो माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिला.

पोलिसांनी ऐकलं नाही का तुझं? मला काही समजत नाही. तू कळव.

अक्का

बसवनगुडी,
१४ मे

अक्का,

तुझ्या पत्रानं सुन्न झालो. मीही तापाचंच ऐकलं. अशा वेळी माणसाचं काही चालत नाही. नागनाथांना मी भेटून येईन, पण आत्ताच गेलो तर वेगळा अर्थ काढला जाईल.

एक गोष्ट मात्र केली. सोमवारी टाउन हॉलमध्ये महिला संघटनांची सभा होती. मी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि आडनाव न घेता रम्याबद्दल बोललो. "आनेकलच्या एका मुलीनं माझ्या बहिणीला विचारलं होतं, टीचर, आता काय? त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला द्यायचं आहे." सगळं सभागृह उभं राहिलं. बायका रडत होत्या. पेपरात पहिल्या पानावर आलंय, कात्रण सोबत पाठवतो. तिची आठवण अशी तरी राहील.

तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस.

गुरुराज

आनेकल,
१९ मे

गुरुराज,

कात्रण परत पाठवते आहे. यापुढं तिचं नाव, तिचे शब्द, कुठल्याही सभेत घेऊ नकोस.

रम्याची आई पंधरवडाभर घराबाहेर पडली नव्हती. परवा दुपारी मागच्या दारानं माझ्याकडे आली. तिला बोलायचं होतं आणि ऐकू न येणाऱ्या माणसासमोर बोलणं तिला सोपं वाटलं असेल. पण मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. ती म्हणाली, "मला बोलावलं तेव्हा सरण रचून झालं होतं. हनुवटीपर्यंत चादर ओढलेली. मी म्हटलं, एकदा न्हाऊ घालू दे, तर थोरल्या दिरानं मनगट धरलं. मी चादरीला हात लावला तर हे म्हणाले, पुरे कर. ताप होता तर अंग झाकायचं कशाला, अक्का?"

मग तिनं आणखी एक सांगितलं. तिच्या जावेनं तिला सांगितलेलं. रम्याला नेलं तेव्हा पहिले चारपाच दिवस नुसती कोंडलेली होती. जेवत होती. भांडत होती. काका तिला सांगत होते की महिनाभरात दुसरं लग्न लावून देतो. मग एके सकाळी काकांना बंगळूरहून कुणा मोठ्या माणसाचा फोन आला. तो फोन ठेवल्यावर काका म्हणाले, पोरीनं आपली गोष्ट विधानसभेपर्यंत नेली. त्या दिवसापासून जावेलासुद्धा त्या खोलीत जाऊ दिलं नाही.

हर्षनं तिकडच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं. आनेकलच्या मुलीबद्दल त्यांना वरून कधीच कुणाचा फोन आलेला नव्हता.

तू कुणाला फोन केला होतास?

मी तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही. थांबून झालं. काल हर्षबरोबर जाऊन मी पोलिसांत जबाब दिला. प्रश्न ते कागदावर लिहून देत होते, उत्तरं मी तोंडानं देत होते. एक पोलीस दुसऱ्याला म्हणाला, या बाईला ऐकू येत नाही, हिच्या जबाबाला कोर्टात कोण विचारणार. तो माझ्याकडे तोंड करून बोलला, म्हणून मला कळलं. मी म्हटलं, माझं ऐकू नका, माझ्या भावाला विचारा. तो आमदार आहे आणि त्याला सगळं माहीत होतं. तुझं नाव मी घातलंय. ते तुझ्याकडे येतील.

शारदा

बसवनगुडी,
२ जून

अक्का,

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देतो. मी पोलिसांना फोन केला नाही. रघुजींना केला.

हर्ष समोरून उठून गेल्यावर मी फोन हातात घेतला तेव्हा पोलिसांनाच लावणार होतो. मग वाटलं, पोलीस गेले की बातमी होणार. ज्या कायद्याच्या समितीवर मी आहे त्याच कायद्यानं माझ्या बहिणीच्या शेजारची मुलगी कोंडली गेली, ही बातमी. रघुजी दुखावणार. पुढच्या वर्षी निवडणूक. त्यापेक्षा घरातल्या घरात मिटवावं. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, मुलीचं प्रकरण माझ्यापर्यंत आलंय, जरा सांभाळून घ्या." ते म्हणाले, "तुमच्यापर्यंत आलं म्हणजे ती बाहेर बोलते आहे. आता बोलणार नाही. तुम्ही निश्चिंत राहा, साहेब."

मी निश्चिंत राहिलो. तुलाही तोच शब्द लिहिला.

ती गेल्यावर त्यांचा फोन आला होता. ताप म्हणाले. मी बरं म्हटलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. आणि मग टाउन हॉलमध्ये जाऊन ते भाषण केलं. लोक उभे राहिले तेव्हा क्षणभर मला खरंच वाटलं की मी तिच्यासाठी काही केलं.

पोलीस येण्याआधी पक्षाचा माणूस आला. म्हणाला, रघुजींशी तुमचं बोलणं जमिनीच्या कामाबद्दल झालं असं सांगा. बाकी आम्ही बघतो. बहिणीचं वय झालंय, कान नाहीत, तिचा गैरसमज झाला म्हणा. सगळं तयार करून आणलं होतं त्यानं. मी त्याला उद्या सांगतो म्हटलं. दोन दिवस मी त्याला उद्या सांगतो असंच म्हणत होतो, हेही तुला लिहून ठेवतो, नाहीतर मी फार धीट होतो असं तुला वाटेल.

मग पोलीस आले. अधिकारी वयानं लहान होता, उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना. त्यानं विचारलं, "सर, आपल्याला या मुलीबद्दल आधी काही माहिती होती का?" खोलीत पक्षाचा माणूस होता, माझा सहायक होता. मी म्हटलं, "होती. लिहून घ्या." रघुजींचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. पक्षाचा माणूस मधेच उठून बाहेर गेला. पुढं मॅजिस्ट्रेटसमोरही तेच सांगितलं आणि सही केली.

रघुजींना अटक झाली आहे. नागनाथांनाही बोलावलं आहे. समितीवरून मला काढलं. उमेदवारी मिळणार नाही हे नक्की. सकाळी घरापुढं रांग नसते. ही माझी शिक्षा आहे असं म्हणत नाही, ती कुठल्या मापात बसेल? हर्ष माझ्याकडे आला तेव्हा ती जिवंत होती. हे रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आठवतं.

मला तुझ्याकडे यायचं आहे. रम्याच्या आईच्या पाया पडायचं आहे. ये म्हणशील तर येईन.

गुरू

आनेकल,
१६ जून

गुरू,

तुझं पत्र मी रम्याच्या आईला वाचून दाखवलं. सगळं. तुला विचारलं नाही.

ती आता माझ्याकडेच राहते. नागनाथ दुकान उघडत नाहीत. दिवसभर फळीवर बसलेले असतात आणि येणाऱ्याला माघारी पाठवतात. त्यांनी मुलीला गाडीत बसवलं होतं, पुढचं त्यांना किती माहीत होतं हे कोर्ट ठरवेल. मी त्यांच्या दारावरून जाते तेव्हा ते मान खाली घालतात. पूर्वी मला वाईट वाटलं असतं.

वकील म्हणतात, राख पाण्यात सोडलेली, दवाखान्याचा कागद नाही, तेव्हा खटला सोपा नाही. रम्याच्या आईची जाऊ कोर्टात बोलेल की नाही याची खात्री नाही. कालच तिच्या माहेरी रघुजीची माणसं जाऊन आली. तुझा जबाब हाच आज मोठा आधार आहे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. उद्या तो बदलायला तुझ्यावर दाब येईल, मंत्रिपदाची लालूचसुद्धा दाखवतील, म्हणून लिहिते.

कायदा आहे तिथंच आहे. नोंदणी कचेरीतला कारकून हर्षला ओळखतो, त्यानं सांगितलं की नोटिसा रोज जातात. परवा एक जोडपं फळ्यावरची सूचना वाचून अर्ज न देताच परत गेलं. हर्ष त्यांच्या मागे धावला, पण ती बसमध्ये चढली. तो आता कॉलेज सुटल्यावर तिथं जाऊन उभा राहतो. कुणी त्याच्याशी बोललं तर बोलतो. मी त्याला जेवायला बोलावते, तो येतो, पण माझ्या स्वयंपाकघरात बसत नाही, बाहेर बसतो. मी त्याला वकिलाकडे जाऊ दिलं नव्हतं, हे तो कधी बोलून दाखवत नाही.

तू पाया पडायला येऊ का विचारलंस. रम्याच्या आईला मी तसंच विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, इथं येऊ नका. मला त्यांचं तोंड बघवणार नाही. पण कोर्टात मात्र शेवटपर्यंत या. एक तारीख चुकवू नका."

माझंही तेवढंच म्हणणं आहे. तू माझा भाऊ आहेस, ते काही मला बदलता येत नाही, आणि मी बदलूही इच्छीत नाही. पण पूर्वीसारखं तुझं भाषण लागलं की मी टीव्हीसमोर बसेन, असं आता होणार नाही.

तारीख पडली की कळव. गाडी पाठवू नकोस, तुझ्या गाडीत मी बसणार नाही. मी आणि रम्याची आई बसनं येऊ. तिला हर्षजवळ बसवेन, आणि तुझं नाव पुकारेपर्यंत मी तुझ्या शेजारी बसेन.

अक्का